धर्माचा रकाना

"देव मन बघतो, दाखला नाही."

हे वाक्य तामलवाडीत मी लहानपणापासून ऐकतो आहे. नातवाचा पहिलीचा प्रवेश असो, लेकीचा नर्सिंगचा फॉर्म असो की ग्रामपंचायतीच्या राखीव जागेचा अर्ज, दर वेळी तेच होतं. घरातली प्रार्थना संपते, बायबल कापडात गुंडाळून ठेवलं जातं, चहा येतो आणि कुणीतरी विचारतं, "धर्माच्या रकान्यात काय लिहायचं?" मग एखादं वडीलधारं माणूस हे वाक्य बोलतं आणि विषय मिटतो.

मागच्या पावसाळ्यात ते आबांनी म्हटलं. आबा आमच्यातले सगळ्यांत मोठे. सोयाबीन विकताना ओलं कोरड्यात मिसळत नाहीत. मजुराचे पैसे दिवेलागणीच्या आत देतात. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्यांची रांग आमच्या गावावरून जाते. एका वर्षी त्यांच्यापैकी कुणाचं तरी पाकीट रस्त्याकडेला पडलेलं आबांना सापडलं. आतल्या चिठ्ठीवरचा नंबर लावून त्यांनी माणूस गाठला आणि त्याच्यासमोर नोटा मोजून परत केल्या. अशा माणसाने हे वाक्य म्हटलं म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. लबाडाने म्हटलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

त्या दिवशी मी एवढंच बोललो, "आबा, मग पाकिटाचंही तसंच की. देव मन बघतो, तर नोटा कशाला मोजल्या?" आबा गप्प झाले. माझ्या बोलण्यात उद्धटपणा होता, त्याचं मला वाईट वाटतं. पण प्रश्न तिथेच राहिला. तो इथे पुरता मांडतो.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जात नाही. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतलं, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. म्हणजे एकाच मांगवाड्यात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन सख्खे भाऊ राहत असतील आणि त्यातल्या एकाने बाप्तिस्मा घेतला, तर सरकारदरबारी त्याची जात त्या दिवशी संपते. गावात ती संपत नाही. त्याचं घर तिथेच राहतं, त्याला हाक मारण्याची तऱ्हा तीच राहते, त्याच्या लेकीला स्थळ कुठून यायचं तेही ठरलेलं असतं. जाते ती शिष्यवृत्ती, वसतिगृहातली खाट, राखीव जागा आणि अॅट्रॉसिटी कायद्याचा आधार.

यातून मराठवाड्यात एक रीत पडली. कागदावर हिंदू मांग किंवा हिंदू महार, रविवारी ख्रिस्ती. शाळेच्या रजिस्टरला एक नाव, बाप्तिस्म्याचं दुसरं. कित्येक पाळक स्वतःहून विचारतात, "नोंद करायची का राहू द्यायची?" ही रीत कुणा भामट्याने काढलेली नाही. लेकरांनी चार बुकं शिकावीत म्हणून आईबापांनी ती काढली.

आमच्या घरीही ती होती. मी मांगाच्या घरातला ख्रिस्ती आहे, पण पहिलीत घालताना वडिलांनी 'हिंदू मांग' लिहिलं. पुढे शिक्षणासाठी जात पडताळणी करायची वेळ आली. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना वडील थकून गेले. आमचा तालुका तेव्हा निजामाच्या राज्यातून नुकता सुटलेला, जुनी कागदपत्रं उर्दूत. शेवटी चौकशीला दक्षता पथक येणार असा निरोप आला. त्या सकाळी वडिलांनी समोरच्या भिंतीवरची येशूची तसबीर उतरवली. आईने बायबल ज्वारीच्या कोठीत खाली दडवलं. तसबीर गेली तरी खिळा राहिला, आणि तिच्या मागे चुन्याचा एक उजळ चौकोन राहिला. पथकातल्या माणसाने तो पाहिला असं मला वाटलं, पण तो काही बोलला नाही. धाकटी बहीण सात-आठ वर्षांची होती. तिने आईला हळूच विचारलं, "आज आपण कोण आहोत म्हणून सांगायचं?"

दाखला मिळाला. त्यावर मी दोन वर्षं शिष्यवृत्ती घेतली. हे मी लपवत नाही, कारण ते लपवून हा लेख लिहिता येणार नाही.

आता आबांच्या बाजूचं म्हणणं. ते नुसतं एका वाक्याचं नाही, त्याला शास्त्राचा आधार दिला जातो. आमच्यात नामानाची गोष्ट सांगतात. अरामाचा सेनापती नामान यार्देनेत सात वेळा बुडून बरा झाला, इस्राएलाच्या देवाला मानू लागला आणि निघताना अलीशाला म्हणाला की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताला धरून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची मला क्षमा असावी. संदेष्ट्याने त्याला शांतीने जा म्हणून निरोप दिला. यावरून आमचे लोक म्हणतात, बघा, वरवर वाकलं तरी देवाला चालतं.

पण नामानाने हे संदेष्ट्याला तोंडावर सांगितलं. शिवाय त्याने दोन खेचरांवर लादता येईल एवढी इस्राएलाची माती मागून घेतली होती. एवढी माती वाहून नेणारा सेनापती कुणाची उपासना करायला लागला आहे, हे त्याच्या घरादाराला आणि चाकरांना ठाऊक नसेल कसं? राजाचा हात धरणं हे त्याचं चाकरीतलं काम होतं, त्याचा देव कोण हे त्याने झाकलं नव्हतं. आपण तर राजाला सांगतो की आम्ही यार्देनेकडे कधी फिरकलोच नाही.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. त्याच अध्यायात पुढे अलीशाचा चाकर गेहजी आहे. तो नामानाच्या रथामागे धावत गेला, दोन गरजू तरुण आले आहेत अशी थाप मारली आणि चांदी व कपडे मिळवले. परत आल्यावर अलीशाने विचारलं कुठे गेला होतास, तर म्हणाला कुठेच नाही. नामानाचं कुष्ठ त्याला चिकटलं. आमच्या प्रार्थनेत नामानापर्यंत वाचन होतं आणि तिथेच बायबल मिटलं जातं. मला हे टोचतं.

दुसरं म्हणणं याहून वजनदार आहे, आणि तरुण पोरं तेच जास्त मांडतात. कायदाच अन्यायाचा आहे, तर त्याच्याशी खोटं बोलण्यात पाप कसलं? कायदा अन्यायाचा आहे हे मला शंभर टक्के मान्य. जात नाकारणाऱ्या शीख धर्मातल्या दलिताची जात उरते, जात नाकारणाऱ्या बुद्धाच्या अनुयायाची उरते, आणि ते योग्यच आहे. मग ख्रिस्ती दलिताचीच ती पाण्यात विरघळते याला तर्क कुठला? न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये तिसरा परिच्छेद काढून टाकावा असं सुचवलं. २००८ मध्ये समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी केलेला अभ्यासही दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमानांच्या बाजूने उभा राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला. आयोगांना तोटा नाही.

पण अन्यायी कायदा मोडणं आणि त्याला फसवणं या दोन गोष्टींमध्ये अंतर आहे, आणि ते महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडला लोक चवदार तळ्यावर भर दिवसा, रांगेने, सगळ्या गावाच्या देखत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्याबद्दल त्यांनी मार खाल्ला. रात्री अंधारात कळशी भरून आणली असती तर तहान भागली असती आणि डोकीही फुटली नसती. पण तळं खुलं झालं नसतं. खटला दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. आपण गेली पंचाहत्तर वर्षं रात्री कळशी भरतो आहोत. एकेका घराची तहान भागली. तळं बंदच आहे.

यावर जे उत्तर येतं ते मला सगळ्यांत कठीण वाटतं, म्हणून त्याला जास्त जागा देतो. लोक म्हणतात, खरं बोलणं ज्यांना परवडलं त्यांची नावं सांगू नका. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुण्याच्या शिव्याशाप झेलले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये घेतला तेव्हा बायको आणि मूल दुरावलं, लक्ष्मीबाई काही वर्षांनी परत आल्या. मोठी माणसं, मोठा त्याग, कबूल. पण ती ब्राह्मण घरातली, शिकलेली माणसं. त्यांच्याकडे विद्या होती, मिशनचं पाठबळ होतं. जातीची सवलत सोडायचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. ऊस तोडायला जाणाऱ्या मांगाला रमाबाईंचा दाखला देणं म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचं महत्त्व सांगणं.

हा आक्षेप मी मान्य करतो. मंडळीत दर वर्षी टिळकांच्या नावाने भाषणं देणाऱ्यांनीही तो मान्य करावा. म्हणून मी दुसरी माणसं पुढे आणतो.

पहिला एक चांभार. मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसून चपला शिवणारा सूसै. जातीने आदिद्रविड, धर्माने ख्रिस्ती. रस्त्यावर बसणाऱ्या चांभारांना सरकारतर्फे टपऱ्या मिळणार होत्या. आजूबाजूच्या चांभारांना मिळाल्या, याला नाही, कारण हा ख्रिस्ती. त्याने एक खोटा शब्द लिहिला असता तर डोक्यावर छप्पर आलं असतं. त्याऐवजी तो ख्रिस्ती चांभार म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये हरला. पण न्यायालयाने त्याला काय म्हणून हरवलं ते पाहा. धर्मांतरानंतर जात उरते एवढं दाखवून भागणार नाही, ख्रिस्ती समाजात गेल्यावरही तेच हाल, त्याच तीव्रतेने भोगावे लागतात याचा पुरावा हवा, आणि तो समोर आलेला नाही, असं न्यायालय म्हणालं. पुरावा कुठून येणार होता? ज्यांच्या अंगावर तो होता ते सगळे कागदावर हिंदू होते. देशभरातले आपण सगळे त्या दिवशी घरात बसून राहिलो आणि सूसै एकटा हरला.

दुसरी माणसं तर आपल्या शेजारच्या वाड्यातली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये खोटं न बोलण्याचीही प्रतिज्ञा आहे. बौद्ध झालं की केंद्राच्या सवलती जाणार हे उघड होतं. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध जेमतेम काही हजार होते. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. हे लोक वकील-प्राध्यापक नव्हते. गावकीची कामं सोडलेले, मेलेलं ढोर ओढायला नकार दिलेले, त्यापायी बहिष्कार सोसलेले भूमिहीन लोक होते. प्रगणक दारात आला तेव्हा त्यांनी 'बौद्ध' सांगितलं. मला ठाऊक आहे की त्यांच्यातल्याही अनेकांनी दाखल्यावर 'हिंदू महार' राहू दिलं. हेही ठाऊक आहे की महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती त्यांना लवकर दिल्या. पण त्या का दिल्या? लाखो माणसं उघडपणे बौद्ध झाली होती, ती नाहीत असं कुणाला म्हणता येईना. केंद्राला चौतीस वर्षं लागली, १९९० उजाडलं, पण कायदा बदलला. गरिबाला खरं परवडत नाही हे म्हणणं आपल्याच शेजाऱ्यांनी खोटं ठरवलेलं आहे.

आता आपला आकडा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ८० हजार, शंभरात एकही नाही. त्यात वसई आणि मुंबई धरून. धाराशिव जिल्ह्यात तर आपण कुणाच्या खिजगणतीत नाही. सोलापूरच्या चर्चमध्ये नाताळला बसायला जागा मिळत नाही, बाहेर मांडव घालावा लागतो, आणि सरकारी पुस्तकात आपण नाही. आपण कागदावर नाही, म्हणून आपल्यावरचा अन्यायही कागदावर नाही. त्या खोट्या शब्दाची किंमत हीच आहे, आणि ती आपण देत नाही. आपल्याहून गरीब असलेला, ज्याने खरं लिहिलं तो ख्रिस्ती ती देतो.

दुसरी किंमत मात्र आपण स्वतः देतो, रोज. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

तालुक्यातल्या एका गावात आमच्या ओळखीची एक बाई राखीव जागेवर निवडून आली. नीट, हिशेबी बाई. बचत गटाचे पैसे तिच्याकडे ठेवायला लोक डोळे झाकून तयार असायचे. रस्त्याचं काम अर्धं झालं आणि बिल पुऱ्याचं आलं. तिने सही करणार नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी एक माणूस घरी आला, चहा प्याला, लेकरांची चौकशी केली आणि उठताना म्हणाला, "ताई, तुमच्या रविवारचं आम्हाला माहीत आहे. आम्ही कधी काही बोललो का?" दुसऱ्या दिवशी तिने सही केली. पुढच्या बिलावरही केली. ती भ्रष्ट नव्हती. तिला भ्रष्ट करायला एक रुपयाही लागला नाही.

आपल्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, एसटीतल्या आणि पोलिसातल्या पोरांना विचारा. खोट्या हजेरीला नाही म्हणताना, रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या माणसाचं नाव बघून बोट ठेवताना, साहेबाच्या हिश्शाला विरोध करताना पोटात काय होतं ते विचारा. पडताळणीची फाइल कुणीही उघडू शकतं. खोट्या दाखल्याला कायद्यात तुरुंगवास आहे, घेतलेला लाभ जातो, नोकरी जाते. हे भय उशाशी घेऊन माणूस झोपतो. सचोटी म्हणून आपण ज्या लहान गोष्टी सांगतो, वजन बरोबर ठेवा, लाच घेऊ नका, कामावर वेळेत जा, त्या सगळ्या त्या एका भीतीपाशी येऊन अडतात. दर रविवारी आपण मिठाचं आणि दिव्याचं वचन ऐकतो आणि सोमवारी ज्याला आपलं गुपित ठाऊक आहे त्याला नमस्कार घालतो. आबांना पाकीट परत करता आलं, कारण त्या पाकिटावर कुणाची पकड नव्हती.

इथे मला दुसऱ्या बाजूला वळून बोलायचं आहे, कारण माझं हे लिखाण तिकडे आनंदाने वाचलं जाईल अशी मला भीती आहे. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या सेल्वराणी यांच्या प्रकरणात सांगितलं की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही संविधानाशी फसवणूक आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळातही घोषणा झाली की हिंदू, बौद्ध आणि शीख यांच्याखेरीज इतरांनी घेतलेले अनुसूचित जातीचे दाखले रद्द होतील. तेव्हापासून आमच्याकडे बोट दाखवून 'छुपे ख्रिस्ती' म्हणणारे वाढले आहेत.

त्यांना माझं सांगणं असं. मी माझ्या लोकांना खोटं लिहू नका म्हणतो, म्हणून मी तुमच्या रांगेत नाही. आम्ही हे खोटं हौसेने बोलत नाही. तुम्ही प्रश्नच असा घातला आहे की खरं उत्तर दिलं तर लेकराचं वसतिगृह जातं. मांगाच्या पोराला मारहाण झाली तर मारणारा त्याला आधी धर्म विचारत नाही, फिर्याद घेणारा मात्र विचारतो. ज्यांना आमच्या खरेपणाची एवढी काळजी आहे त्यांनी तिसरा परिच्छेद काढायची मागणी करावी. मग दाखल्यासाठी कुणाला भिंतीवरची तसबीर उतरवावी लागणार नाही, आणि किती जण खरं लिहितात ते दिसेल. तुम्हाला सत्य हवं असेल तर ते बोलणाऱ्याला शिक्षा होणार नाही एवढं आधी करा. नुसते दाखले रद्द करत सुटलात तर तसबिरी आणखी खोल कोठीत जातील.

आणि आमच्या मंडळीच्या वडिलांना, पाळकांना काय म्हणू? ख्रिस्तात सगळे एक, असं व्यासपीठावरून सांगायचं आणि लग्न जुळवताना हळूच 'कोणत्यातले?' म्हणून विचारायचं, हे कागदावरच्या खोट्याचंच जुळं भावंड आहे. महार ख्रिस्त्यांची बाकं आणि मांग ख्रिस्त्यांची बाकं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. जो समाज आपल्या आतली जात मान्य करत नाही, त्याने सरकारकडे आमची जात माना म्हणून कोणत्या तोंडाने जायचं? आधी तेवढं उघड कबूल करा. मग खरं लिहिणाऱ्या घराच्या पाठीशी उभे राहा. मिशनच्या जमिनी आहेत, शाळा आहेत, सोलापूर-अहिल्यानगरपासून मिरजेपर्यंत संस्था आहेत. ज्या मजुराच्या लेकीने 'ख्रिस्ती' लिहिलं आणि फी भरावी लागली, तिची फी मंडळीने भरावी. ते होणार नसेल तर तिला सत्यावर प्रवचन देऊ नये. बाप्तिस्म्याची नोंदवही मात्र दडवायची नाही. 'राहू द्यायची का' हा प्रश्न पाळकाने विचारूच नये.

कायद्याने अगदी सगळी दारं बंद आहेत असंही नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागास वर्गाच्या यादीत जागा आहे. ती जागा अरुंद आहे. १९ टक्क्यांत शेकडो जाती, वर उत्पन्नाची अट, आणि अॅट्रॉसिटी कायदा नाही तो नाहीच. पण ती खरी जागा आहे, तिच्यावर बसलेल्या माणसाला कुणी रविवारची आठवण करून देऊ शकत नाही. मुलीला शाळेत घालताना मी तीच घेतली. बाईंनी रजिस्टर लिहिताना मान वर करून विचारलं, "नक्की ख्रिस्ती लिहू? पुढे बदलायला फार त्रास होतो." मी हो म्हणालो. घरी आल्यावर आई रडली. तिला वाटलं मी तिच्या त्या कोठीतल्या बायबलाचा अपमान केला. तिची समजूत घालायला मला बरेच दिवस लागले, आणि ती पूर्ण पटली आहे असं अजूनही म्हणवत नाही.

वीस-पंचवीस वर्षं नोकरीत असलेल्या माणसाला उद्या राजीनामा दे, असं मी म्हणत नाही. तो अधिकार मला नाही. माझी दोन वर्षांची शिष्यवृत्तीही मी कुठे परत केली? जक्कयाची गोष्ट मला म्हणूनच सोपी जात नाही. येशू त्याच्या घरी जेवायला उतरला तेव्हा त्या जकातदाराने रडून साक्ष दिली नाही, उभं राहून हिशेब सांगितला, अर्धं गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट. माझा हिशेब एवढाच की दर वर्षी खरं लिहिणाऱ्या एका पोराची परीक्षा फी मी भरतो. तो चौपट नाही.

आणखी एक भीती लोक घालतात. उघड सांगितलं तर गाव तोडेल. मला आठवतं, जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादला, गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात, त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू कसला अध्यक्ष करता म्हणून विरोध झाला, धमक्यांचे फोन झाले. ते आले. पाठीच्या दुखण्याने चाकाच्या खुर्चीत बसून आले. वसईत जमिनी गिळणाऱ्यांशी हरित वसई संरक्षण समितीतर्फे भांडलेला हा माणूस, 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा. ते आपण कोण ते सांगूनच मराठी होते. आमच्यातले बरेच जण तेव्हा मांडवात जाऊन बसले होते. सभोवती आपलेच जिल्ह्यातले हिंदू, बौद्ध, मुसलमान शेतकरी आणि मास्तर टाळ्या वाजवत होते. मांडवातून निघताना आबा म्हणाले होते, "आपला माणूस रे." ते वाक्य मी विसरलेलो नाही. 'आपला' हा शब्द त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी, सगळ्यांना ऐकू जाईल असा उच्चारला होता.

कोजागरीच्या वाटसरूंना आमच्या घरूनही पाणी दिलं जातं. माझ्या मुलीच्या रजिस्टरला 'ख्रिस्ती' लागल्यानंतरच्या वर्षीही लोकांनी ते पाणी घेतलं.

येती जनगणना २०२७ ची आहे. अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. आजवर आपल्यापुढे दोनच पर्याय होते, धर्म खरा सांगून जात गमवायची किंवा जात खरी सांगून धर्म. या वेळी दोन्ही सांगायची वेळ येते आहे, आणि जो आकडा १९८५ मध्ये सूसैच्या वकिलाकडे नव्हता तो आपल्या उत्तरांतून उभा राहू शकतो. आबांकडे मी पुन्हा गेलो होतो. माफी मागितली, मग हे सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन्ही लिहून घेतील का रे ते?" मी म्हणालो, "आपण दोन्ही सांगायचं, आबा. त्यांनी लिहिलं का ते वाकून बघायचं."

आमच्या घरात तो खिळा अजून आहे. तसबीर त्यावरच टांगलेली आहे, दारातून आत आलं की पहिली तीच दिसते. प्रगणक येईल तेव्हा त्याला तिच्यासमोर बसवीन, पाणी देईन आणि विचारेल त्या क्रमाने सांगेन. धर्म ख्रिस्ती. जात मांग.